पाठीवरचा वरवंटा

आधीच सांगते, मी कणकवलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. भुतंखेतं, नजर, शकुन-अपशकुन यातलं काही मी मानत नाही. अमावास्येला केस धुते, मांजर आडवं गेलं तर गाडी तशीच पुढे दामटते. त्यामुळे हे वाचून कुणी "मॅडम, तुम्हीसुद्धा?" असं विचारणार असेल तर ते मी स्वतःला तीन वर्षं विचारते आहे. उत्तर मिळालेलं नाही.

माझा नवरा सुनील आणि मी आठ वर्षं झांबियात होतो, लुसाकाला. तो एका कंपनीत, मी शाळेत. मूल होत नव्हतं. शेवटी तिथलीच एक मुलगी रीतसर दत्तक घेतली. अर्ज केल्यापासून कोर्ट, कागद, भेटी यात दीड वर्ष गेलं. हातात आली तेव्हा साडेपाच महिन्यांची होती. नाव मपालो. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ आशीर्वाद.

हिला एकच खोड होती — आडवी झोपायची नाही. तिकडे बायका चितेंगे नावाच्या सुती कापडाने मूल पाठीवर बांधतात आणि दिवसभर कामं करतात. अनाथाश्रमातल्या मावशींनी तिला तसंच वाढवलेलं. पाठीवर घेतलं की दोन मिनिटांत डोळे मिटायचे, गादीवर ठेवलं की टाहो. अडीच महिने मी घरभर तशी फिरत होते. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इकडे कुणी मूल पाठीवर घेत नाही, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?

खरी अडचण वेगळीच होती. माझ्या सासूबाई विजयदुर्गाजवळच्या आमच्या गावात एकट्या राहतात. दत्तकाचं कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा तुमी काय ता करा, माका इचारू नको." आणि त्यानंतर फोनवर यायच्याच बंद झाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. सुनीलच्या बहिणीने मपालोचा पासपोर्टचा फोटो त्यांना दाखवला, तर बघून उलटा ठेवला म्हणे. आणि आम्ही तर कायमचे परत यायला निघालो होतो, त्याच घरात. त्या मुलीला हातात घेतील की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. सुनील म्हणायचा, "बघू." त्याचं सगळ्यावर हेच उत्तर असतं.

प्रवास लांबलचक. लुसाका ते मुंबई वाटेत एकदा विमान बदलून, मग मुंबईहून गोव्याचा मोपा विमानतळ. विमानात मी तिला पाठीवर बांधून पॅसेजमध्ये उभी राहिले. एअर होस्टेसने चारदा बसायला सांगितलं, चारदा बसले, चारदा उठले. मोप्याला सकाळी उतरलो आणि गाडी केली. गाडीत मात्र पाठीवर बांधून बसता येईना. ती जी रडायला लागली... ड्रायव्हरने आधी गाणी लावली, मग बंद केली, मग काचा खाली केल्या.

इन्सुलीच्या नाक्यावर गाडी अडवली. गोव्याहून येणारी गाडी म्हणजे दारू असणारच, हा तिथला धर्म. डिकी उघडून दुधाच्या पावडरीचे डबे हलवून बघितले. मग एक वयस्कर हवालदार माझ्या खिडकीशी आला. मपालोचे कुरळे केस, मग माझा चेहरा, असं दोनदा पाहून त्याने ऑफिसातल्या मराठीत विचारलं, "मुलगी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

तो एकदम मालवणीवर आला, "मगे घराक नेवा बेगीन. उनान कावला ता."

मी गॉगल चढवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. गाडी सुरू झाली आणि दोनच मिनिटांत मपालो गप्प झाली. माझ्या मांडीवर, आडवी, गाढ झोपलेली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा! मी फोटो काढला. तो अजून फोनमध्ये आहे, वेळ अकरा बेचाळीस.

सावंतवाडीच्या पुढे गेलो आणि शेजारच्या सुलोचनाकाकींचा फोन आला.

"गो, खंय पावलास तुमी? तुझ्या सासूक काय झालासा माका कळना नाय. सकाळपासून पाळण्यात वरवंटो घालून हलवीत होती. मगे तोच वरवंटो लुगड्यान पाठीर बांधल्यान आणि खळ्यात फेरे मारूक लागली. इचारलंय तर म्हणता, पोर रडता, आडवा झोपणा नाय!"

"आता काय करतायत?"

"आता गप बसली हा. साडेअकराची एसटी गेली, तेवाच म्हणाली, झोपला एकदाचा."

आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत, आत वरवंटा ठेवतात. तेवढं ठीक. साडेअकराची एसटी साडेअकरालाच येते असंही नाही, कधी पावणेबारा होतात. म्हणजे वेळ जुळणं हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी मनात म्हटलंसुद्धा. पण पाठीवर? आणि पाळणा माळ्यावरून काढला कुणी? सुनीलकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू." आणि ड्रायव्हरला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सासूबाई पायरीवर उभ्या. पाठीवर जुन्या लुगड्यात तो वरवंटा तसाच. मला वाटलं, वयोमानाने काही बिघडलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मपालोच्या पायांवर पाणी घातलं. गाठ सोडून वरवंटा पायरीवर ठेवला. मग माझ्याकडे पाठ करून वाकल्या.

"घाल हय. पाठीर झोपता ना ता?"

मी घातलं. मपालोने त्यांच्या मानेवर गाल टेकला. सुनील तोंड धुवायला विहिरीवर गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

मी चौकशी सगळी केली. व्हिडिओ कॉल कधीच झाला नव्हता, सासूबाईंचा फोन बटणांचा. नणंदेला माहीत नव्हतं. आश्रमातल्या मावशींना मराठी येत नाही, हे सांगायलाच नको.

शेवटी गेल्या गणपतीत मोदक वळताना सरळ विचारलं, "आई, त्या दिवशी तुमका कसा कळला?"

"कळूक काय होया? रडना आयकाक येय होता."

"आमी इन्सुलीक होतव! शंभर किलोमीटर!"

"असशात." त्या पारी वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोघा रडत होती. एक बारीक चेडू, मोठ्यान. आणि एक कोण तरी मोठा, आवाज भायर येऊ नये तसा. वरवंटो एकच होतो गो. दुसऱ्याक कशात बांधू?"

मी उठून चुलीकडे गेले. इन्सुलीला त्या गॉगलच्या मागे मी रडत होते. पुढच्या सीटवर बसलेल्या सुनीललाही ते मी आजवर सांगितलेलं नाही.