नानांच्या दप्तरातला चिवडा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिरंगुटला, नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभा राहून फरशीवाल्याशी वाद घालत होतो. शनिवारची सकाळ होती. फोन मी भाड्यानं राहत होतो तिथल्या शेजारच्या खोलीतल्या मित्राचा. "नाना गोठ्यातच कोसळले रे... डॉक्टर येऊन गेले. संपलं सगळं." त्यावर मी त्याला विचारलं, "मग उद्याचं काय?" असा वेड्यासारखा प्रश्न तोंडातून कसा निघाला, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारी आम्ही नानांबरोबर डोंगरावर जाणार होतो, एवढंच डोक्यात उरलं होतं.

नाना म्हणजे आमचे घरमालक. मी लातूरकडचा. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा जवळच्या नांदे गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली घेतली, ती वर्षभरासाठी म्हणून, आणि पाच-सहा वर्षं तिथंच रुतून बसलो. आम्ही खोल्यांमधले तिघं-चौघं रविवारी मुळशीच्या बाजूला ट्रेकला जायचो. एकदा भल्या सकाळी अंगणात आमच्या पिशव्या भरणं चाललं होतं. वेफर्स, क्रीमची बिस्किटं, चॉकलेटच्या वड्या, आणि माझ्या आईनं पाठवलेला चिवडा. नाना दात घासत घासत आले, एकेक पुडा उचलून बघितला आणि म्हणाले, "ह्ये घिऊन डोंगरावर चाललाय व्हय? उपाशी मराल की रं." मग आत गेले, भाकरी, काकड्या आणि फुटाणे एका जुन्या दप्तरात कोंबून बाहेर आले आणि न विचारता गाडीत पुढच्या सीटवर बसले. शेतावर सोसायटी उभी राहिल्यापासून सकाळी उठून जायचं कुठं, हा त्यांच्यापुढे मोठाच प्रश्न होता. तो त्यांनी त्या दिवशी सोडवून टाकला. ते दप्तर नातवाचं. लाल रंगाचं, वर पुसट झालेलं कार्टूनचं अस्वल. सत्तरीला टेकलेला, पागोटं बांधलेला माणूस पाठीवर अस्वल घेऊन आमच्या पुढे डोंगर चढायचा!

त्या दिवसापासून खाऊ काय न्यायचा, हे नानाच ठरवायचे. आणि त्यांचे नियम मला कधीही कळले नाहीत. एका रविवारी गूळ हवाच, तर पुढच्या रविवारी "गुळाला मुंग्या लागत्यात, ठिव घरी." केळी चेंगरतात म्हणून बंद, मग एकदा स्वतःच डझनभर केळी आणली आणि चेंगरू नयेत म्हणून गडाच्या माथ्यापर्यंत फणी हातात धरून चढले. माझं कामच आकड्यांतली सूत्रं शोधायचं, त्यामुळे या सगळ्यामागे काहीतरी सूत्र असेल असं मानून ते शोधत बसायचो. सापडलं नाही. एकच गोष्ट कायमची ठरलेली होती, ती म्हणजे चिवडा वर्ज्य. "वाऱ्यानं उडतुया, हात बरबटत्यात आन् मिठानं घसा सुकतुया. डोंगरावर पानी काय तुझा बा आनून देनार हाय?" वर माझी थट्टा वेगळीच. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचून बाजूला काढतो. "दानं काढल्यावर त्या चिवड्यात ऱ्हातंय काय रं?"

नाना गेले त्याच्या दोन दिवस आधी जिन्यात गाठ पडली. सांगायचं कसं, याची मी आठवडाभर जुळवाजुळव करत होतो. म्हटलं, "नाना, पिरंगुटला फ्लॅट घेतलाय. पुढच्या महिन्यात खोली सोडीन म्हणतो." ते जिन्याच्या कठड्याला हात लावून उभे होते. "बरं," म्हणाले. मी अजून काही ऐकायला थांबलो. अभिनंदन, नाहीतर एखादी शिवी तरी... दोन पायऱ्या उतरले आणि मागे न बघता विचारलं, "रवारी हायेस नव्हं?" मी हो म्हटलं. आमचं बोलणं झालं ते तेवढंच.

तेरावं उरकल्यावर काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, मला खाली बोलावलं आणि जिन्याजवळच्या खुंटीवरचं दप्तर काढून हातात दिलं. "त्या रवारचं भरल्यालं हाय. तुमच्या डोंगराचं. मला काय करायचंय त्याचं?" वर येऊन उघडलं. भाकरी नाही, काकडी नाही, फुटाणे नाहीत. घट्ट झाकणाचा एकच मोठा डबा, आणि डब्यात चिवडा. पातळ पोह्यांचा, भरपूर खोबऱ्याचे काप घातलेला. हात घालून तळापर्यंत चाळला, एकही शेंगदाणा नव्हता.

तेव्हापासून मी गोंधळून गेलो, तो गेलोच. हा निरोप समजायचा की रुसवा? जातोयस ना, मग खा बाबा तुला हवं ते, आता मला काय त्याचं... असं होतं का ते? की पोरगा जाणार म्हणून एकदा त्याच्या मनासारखं? की दर रविवारसारखा नुसता पलटलेला नियम, आणि मीच आपला अर्थ लावत बसलोय? विचारावं, तर उत्तर देणारा माणूस फोटोत. काकींना विचारायचा धीर होईना.

सामान हलवायच्या आदल्या रविवारी आम्ही कैलासगडावर गेलो. दप्तर मी घेतलं होतं. वर पोचल्यावर धरणाच्या पाण्यावरून भन्नाट वारा येत होता. डबा उघडला, तर पहिली मूठ तोंडापर्यंत पोचायच्या आत निम्मी उडाली. नाना म्हणायचे ते खरं होतं. उरलेली तोंडात टाकली आणि थांबलो. चिवडा अगदी अळणी होता. मित्र म्हणाला, "हे काय रे, मीठच नाही!" मला वाटलं, चला, उत्तर मिळालं. घे तुझा चिवडा, असाच घे. त्या घटकेला मला नानांचा भयंकर राग आला, आणि त्या रागातच रडूही आलं. वारा आहे म्हणून डोळे पुसत बसलो.

संध्याकाळी दप्तर परत द्यायला खाली गेलो. काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण निघताना राहवलं नाही. "काकी, चिवड्यात मीठ टाकायचं राहिलं होतं का?"

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऱ्हातंय कुटं? मी टाकाय लागले तर हात धरला माजा. म्हनले, त्याला चिवडाच लागतुया, पर वर पोराला तहान लागंल. मी सवयीनं टाकल्यालं दानं सोताच चुलीम्होरं बसून येचलं. लई उशीर लावला."

मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसलो. त्या "बरं"चा अर्थ मला अजूनही लागलेला नाही. दप्तर काकींनी पुन्हा खुंटीला अडकवलं, "ऱ्हाऊ दे हितंच, रवारी न्ह्याल की," म्हणाल्या.

आता शनिवारी संध्याकाळी पिरंगुटच्या ओट्यापाशी मी पोहे भाजतो. शेंगदाणे घालत नाही. चिमटीत मीठ घेतो आणि तसाच उभा राहतो... टाकू का, असं कुणाला तरी विचारायचं असतं.