मनमाडकडची बाजू

जगात चार दिशा आहेत ही निव्वळ अफवा आहे, असं ठामपणे मानणारे एकच गृहस्थ मी पाहिले: आमच्या शेजारचे चाचा. त्यांच्या लेखी दिशा दोनच, मनमाडकडची आणि हैदराबादकडची. शहागंजात त्यांचं कुलपांचं दुकान होतं, पण जीव सगळा स्टेशनात. मनमाडच्या टोकाला इंजिनं पाणी प्यायची ती टाकी, हैदराबादच्या टोकाला मालधक्का आणि मधे निजामाच्या काळातली इमारत, एवढाच त्यांच्या जगाचा नकाशा. आमच्याकडे जेवायला बसले की आईला म्हणायचे, "भाबी, ती हैदराबादकडची चटणी जरा सरकवा." शिंप्याकडून आलेल्या शेरवानीची मनमाडकडची बाही हमखास लांब असायची. एकदा गुडघा धरला. कुठला, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाले, "मनमाडकडचा." डॉक्टर म्हणाले, वळून बसा. चाचा वळले आणि मनमाडकडे दुसराच गुडघा आला. डॉक्टरांनी त्या धडधाकट गुडघ्याला मलम चोळून त्यांना घरी पाठवलं.

रोज संध्याकाळी ते त्या टाकीखाली जाऊन उभे राहायचे. पोलीस ॲक्शननंतर त्यांचा धाकटा भाऊ इथूनच छोट्या लाइनीच्या गाडीत बसला, मनमाडला मोठी गाडी धरून मुंबईला आणि तिथून जहाजानं कराचीला गेला. जाताना नुसतं "आताऊँ", म्हणजे येतो, एवढंच म्हणाला होता. चाचा त्या एका शब्दावर जगत होते. एकदा आई न राहवून बोलली, "भाईसाब, लई वर्षं झाली की हो."

"व्हय भाबी. पर मनमाडला गाडी बदलावी लागती ना," चाचा म्हणाले. "चुकली असंल."

पुढे छोटी लाइन उखडली, टाकी कधीच कोरडी पडली होती, आणि मोठे रूळ आले. सगळं गाव मुंबईची थेट गाडी बघायला लोटलं. चाचा मात्र पेढे घेऊन आमच्याकडे आले.

"अब मनमाडमें बदलना नै पडता," ते म्हणाले. "सीधा इधरच उतरता."

मी पेढा तोंडात टाकला.

चाचा गेले तेव्हा मी कबरस्तानात होतो. कबरीत उतरवल्यावर त्यांचं तोंड हळूच पश्चिमेकडे वळवलं. रिवाजच आहे तो, काब्याकडे वळवतात. पण आमच्या गावाहून पश्चिमेला निघालं की आधी मनमाड लागतं.