पत्र्यावरचा पेंढा

मढच्या बाजाराला कोकणातून घाट चढून एक सुकटवाली यायची. नाव कधी विचारलं नाही. त्या वैशाखात आमच्या नव्या पत्र्याच्या घरात लेकीचं तान्हं बाळ उकाड्यानं ना दूध पीत होतं, ना झोपत होतं. सुकट द्यायला घरी आलेल्या त्या बाईनं कमरेवर हात ठेवून छपराकडं पाहिलं, आमच्याच भाताच्या पेंढ्याच्या जाड चटया विणल्या आणि त्या बांधायला ती वर चढली.

"गोठ्यागत दिसंल की घर!" सासूबाई म्हणाल्या.

"गोठ्यातली वासरां निजतात ना गो, आये?"

दुपारी बाळ पोटभर प्यालं आणि झोपलं.

"निजला का गो पोर?" वरून आरोळी आली. आम्ही सगळ्यांनी अंगणात येऊन तोंडावर बोटं ठेवली. आत बाळ हललंही नाही. एरवी बाजारभर ऐकू जाणारी ती बाई छपरावर दोन्ही हात उंचावून, आवाज न करता हसत होती.