आत भागीरथा आहे

आम्रपालीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी वैशाली नगरात एका आजोबांचा पासवर्ड शोधत होते. तो त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता आणि वर्ष बदललं तसं कॅलेंडर रद्दीत गेलं होतं.

"ताई, बाबांचा कॉम्प्युटर फार स्लो झालाय. एकदा हुडको कॉलनीत घरी जाऊन बघाल का? मला फोनवर काही सांगतच नाहीत. काम चालू आहे म्हणतात आणि ठेवून देतात."

मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही ताकद लागते.

मी शिकवायचे ती शाळा बंद पडल्यापासून मी हेच करते. भिलाईतल्या रिटायर्ड माणसांच्या घरी जाते आणि त्यांना कॉम्प्युटर शिकवते. मुलं बाहेरगावी असतात आणि जाताना जुना कॉम्प्युटर आईबापाला देऊन जातात. मग तेच ते. माउस उलटा धरू नका, तो बाण इकडे आणा, नाही हो, इकडे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. माझी सगळी विद्या तशी एका वाक्यात मावते: बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा. दहातल्या आठ तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

त्या दिवशी माझी एकादशी होती. सकाळी देवाला फूल वाहिलं तेव्हाच डोकं जड होतं. एवढं घर झालं की परत जाऊन पडायचं, असं ठरवून निघाले.

आम्रपालीचे बाबा, गुलाब खोब्रागडे काका, दारातच उभे होते. अठ्ठ्याहत्तरचं वय, पण इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून विसाव्या वर्षी इथल्या स्टील प्लांटात आले आणि इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये रिटायर झाले.

"जयभीम बाई. या. चहा मांडतो."

"नको काका, उपास आहे."

"उपासाले चहा चालत नाही? मंग कायचा देव हाये तुमचा!"

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. मी हात जोडले आणि कॉम्प्युटरकडे वळले. पंखा घरघरत होता, डबा तव्यासारखा तापला होता. आतून मधूनच कर्र कर्र आवाज येत होता. सवयीने हात सरळ भिंतीवरच्या स्विचकडे गेला आणि तिथेच थांबला. स्विचला सुतळीने एक पुठ्ठा बांधला होता. लाल स्केचपेनने ठसठशीत लिहिलेलं: काम चालू आहे. हात लावू नये. आत माणूस आहे. भागीरथा.

"हात नोको लावू!" काका एवढ्या जोरात ओरडले की मी दचकलेच.

"काका, किती दिवस चालू आहे हा?"

"चौदा महिने. लाइट गेली तं इन्व्हर्टर हाये."

"चौदा महिने? एकदाही शटडाउन नाही केलं? कावून?" त्यांच्याशी बोलताना त्यांचाच शब्द तोंडात आला.

काका खुर्ची ओढून बसले. आता कोणी शिकवायचं आणि कोणी शिकायचं ते उलटं झालं.

"बाई, शटडाउन असा उठला नं घेतला, असं नसते. पहिले परमिट काढा लागते. मंग स्विचले टॅग. टॅगवर त्याचं नाव, जो मशीनच्या आत गेला हाये. अन् ज्याचं नाव, त्यानंच तो टॅग काढाचा. मोठा साहेब आला तरी त्याले हात लावता येत नाही. पस्तीस वर्षं मी हेच करून राहिलो."

"पण नाव काकूंचं आहे."

"आत ते भागीरथाच हाये ना."

भागीरथाकाकू खिडकीपाशी दिवाणावर बसल्या होत्या. मांडीत ताट, ताटात तांदूळ. निवडलेले तांदूळ त्या पुन्हा न निवडलेल्यांत मिसळत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "जेवून जाजो व बाई." पाच मिनिटांत हे त्यांनी तीनदा म्हटलं.

स्क्रीनवर एक पान उघडं होतं. त्यात ओळींखाली ओळी, सगळ्या गाण्याच्या. काकू लहानपणापासून धानाच्या बांधीत रोवणी करताना जी गाणी म्हणत, ती. शिवाय बारशाची, लग्नातली, जयंतीला बाया म्हणत ती. विसरायला लागल्या तसे काका त्यांना रोज सकाळी समोर बसवायचे. त्या गायच्या, काका एका बोटाने टाइप करायचे.

"आता दिवाळीपासून एकबी म्हणत नाही. मी सुरू करून देतो, तं म्हणते, छान हाये, कोणाचं हाये?"

पानाच्या माथ्यावर फाइलचं नाव असतं तिथे मी बघितलं. नावच नव्हतं. अनटायटल्ड.

"काका, हे सेव्ह कुठे केलंय?"

"सेव्ह म्हंजे?"

मशीन कधी बंदच केलं नाही, त्यामुळे जे लिहिलं ते दुसऱ्या दिवशी समोरच असायचं. सेव्हची गरजच कधी पडली नव्हती त्यांना. चौदा महिन्यांची गाणी नुसती पडद्यावर उभी होती. स्विच दाबला असता तर गेली असती. मी तर दारातून आल्या आल्या दाबणारच होते.

सेव्ह करून बघितलं. लिहिता येत नाही, असा चौकोन आला. पुन्हा केलं, पुन्हा तोच. कर्र आवाज त्याचाच होता, आतली डिस्क मेली होती. पेनड्राइव्ह लावला, तोही दिसेना. जे काही होतं ते मशीनला आठवतंय तोवरच होतं.

हे काकांना कसं सांगायचं? सरळ सांगितलं. "काका, हे बंद झालं की परत उठणार नाही. आणि आतून काही काढूनही घेता येत नाही."

त्यांनी काकूंकडे बघितलं फक्त.

मग मी मोबाइल काढला. पहिल्या ओळीवर गेले, पडद्याचा फोटो घेतला आणि पान खाली सरकवलं. सरकायला एक मिनिट लागलं. फोटो घेतला, सरकवलं, थांबले. माळेचे मणी ओढावेत तसं चाललं होतं, तोंडाने नामही चालू होतं. हात भरून आला. उपासाने डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. काकांनी न विचारता साखरपाणी आणून ठेवलं आणि म्हणाले, "पाण्याले तरी तुमचा देव काही म्हणणार नाही."

दुपार कलली. शंभरावर फोटो झाले होते.

"आता थोडंच राहिलं," काका म्हणाले. "शेवटली दोन. तवा ते गडबडून राहिली होती. एका गाण्यात दुसरं घुसवे. पण मी लिहून घेतलं, जसं म्हणे तसं."

मी पान सरकवलं. सरकलं नाही. एक मिनिट, पाच मिनिटं, अर्धा तास झाला. बाण हलेना, कीबोर्ड चालेना. कर्र आवाजही थांबला. एक जळका वास यायला लागला.

"काका, आता बंद करावं लागेल. तापलंय फार. आग लागायची."

"शेवटली दोन?"

"नाही निघत हो." मला त्यांच्याकडे बघवेना. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आले, बंद करा, चालू करा. त्या दिवशी ते म्हणणं जड गेलं.

काका उठले, स्विचपाशी गेले आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं काढतील पुठ्ठा. त्यांनी हात मागे घेतला. "माह्या नावाचा नाही."

मग ते दिवाणाकडे गेले. काकूंच्या मांडीतलं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि त्यांना हाताला धरून हळूहळू भिंतीपाशी आणलं.

"भागीरथे, हे काढ."

काकूंनी पुठ्ठा हातात धरला. उलटा केला, सुलटा केला. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या, पण आता अक्षर लागत नव्हतं.

"कोणाची चिठ्ठी हाये?"

"तुही."

"मले कोण चिठ्ठी धाडते!" त्या लाजल्यासारख्या हसल्या. "माही हाये तं मले दे ना मंग. टांगून कावून ठेवली?"

त्यांनी सुतळी ओढली. गाठ सुटेना तर दातांनी सोडवली. पुठ्ठ्याची घडी घातली, पदराच्या टोकात बांधली आणि पुन्हा दिवाणावर जाऊन ताट मांडीत घेतलं.

काका थोडा वेळ मोकळ्या स्विचकडे बघत राहिले.

"आत कोणी नाही?" त्यांनी विचारलं. मला विचारलं की प्लांटातली सवय, कळलं नाही.

"नाही काका."

त्यांनी स्विच दाबला. पंखा थांबला. खोली एवढी शांत झाली की ताटात तांदूळ पडताना ऐकू येत होते.

आठ दिवसांनी नवी डिस्क बसवली. आता मी दर गुरुवारी जाते. आधी त्यांना सेव्ह शिकवलं. मला वाटलं होतं चार गुरुवार जातील, पण एका दिवसात शिकले. आता फोटो समोर ठेवून पुन्हा एका बोटाने टाइप करून राहिले आहेत. दर ओळीला सेव्ह. स्विचला नवा पुठ्ठा आहे, त्यावर गुलाब लिहिलंय. संध्याकाळी स्वतः काढतात आणि रीतसर शटडाउन करतात.

शेवटल्या दोनांतलं एक त्यांना बरंचसं आठवलं. दुसऱ्याची नुसती पहिली ओळ आठवते: "बांधीत पाणी, पाण्यात पाय, माह्या माहेराची वाट कोणती व बाय." त्याखाली त्यांनी जागा सोडली आहे. किती ओळींची, ते त्यांनाच माहीत.

मागच्या गुरुवारी मी म्हटलं, "काका, एवढी रिकामी जागा एका बटणाने ओलांडून पुढच्या पानावर जाता येतं. मी शिकवते."

"पुढे जाऊन काय करू?" ते म्हणाले. "राहू द्या बाई."

मी राहू दिलं. काकू म्हणाल्या, "जेवून जाजो व." पदराला गाठ तशीच होती. मी चप्पल घातली. पुढचं घर जुनवानीत होतं, तिथे एकांचा माउस चालत नव्हता.