चूल नसलेला माणूस

माझ्या हुशारीने माझ्याच सख्ख्या बहिणीच्या लग्नातून मला वगळलं.

आमच्या घरात लिहिलेली वस्तू एकच, रेशनकार्ड. आबा, माझे वडील, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे, अक्षरओळख नाही. लग्नाच्या आवतणाची यादी ते कोळशाने भिंतीवर ठेवत. एक रेघ म्हणजे एक चूल! (आमच्याकडे आवतण चूलबंद: त्या दिवशी त्या घराने चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं.) अक्काच्या लग्नाआधी आईने हौसेने भिंत सारवली आणि अर्धी भावकी पुसली गेली. ती भावकी अजून आम्ही दिसलो की आभाळाकडे बघते.

म्हणून धाकटीचं लग्न ठरल्यावर मी, घराण्यातला पहिला पदवीधर, शहरात पिंप्राळ्यातल्या माझ्या एकट्याच्या खोलीत बसून डेटाबेस बनवला. दोन तक्ते: एक चुलींचा, एक माणसांचा. नियम कडक! मोबाइल नंबर रिकामा चालणार नाही. एकच नंबर दोघांना चालणार नाही. आणि ज्याला चूल नाही, ते नाव बाद!

आबा रोज संध्याकाळी फोनवर नावं सांगू लागले.

"सखूकाकू लिख."

"मोबाइल नंबर?"

"तिले मोबाइल नही शे."

"मग मशीन घेत नाही, आबा."

"ती काय मोबाइलनी जेवस का रे?"

तो नियम काढला. पुढे नानाच्या घरात अकरा माणसं, नंबर एकच. तोही नियम काढला. चुलीचा नियम मात्र मी हलू दिला नाही. पदवीची काही इज्जत आहे की नाही!

(खरं सांगू? यादी संपत आली तसा मला घोर लागला. एरवी आबांचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. संध्याकाळी खोलीत दुसरा आवाज पंख्याचा.)

शेवटी यादी पाठवली. शेजाऱ्याने आबांना मोठ्याने वाचून दाखवली. लगेच फोन.

"बठ्ठा शेतस, सखूकाकू शे, नाना शे. तूच नही शे!"

मी तपासलं. माझ्या नावापुढे चुलीचा रकाना रिकामा होता. सहा वर्षं मी खानावळीचा डबा खातोय. मशीनने नियमाप्रमाणे मला बाद केलं होतं. त्याची काही चूक नव्हती!

रविवारी दार वाजलं. गावाहून, एरंडोलहून, पहिली एसटी पकडून आबा, डोक्यावर नवी टोपी, हातात अक्षता.

"आबा, घरच्या पोराला कुणी आवतण देतं का?"

"जो यादीमा नही, त्याले द्यानंच पडस. तुले चूलबंद आवतण शे."

"पण आबा, माझ्याकडे चूलच नाही!"

आबांनी खोलीभर नजर फिरवली. एक खुर्ची, एक ताट, एक पेला.

"मंग बंद काय करशी? पहिले पेटाव!"

त्याच दुपारी एका बर्नरची शेगडी आणली. पहिला चहा केला, साखर विसरलो. आबांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

लग्न झालं. कुणीही रुसलं नाही. आणि आज माझ्या डेटाबेसमध्ये एकही नाव बेवारस नाही. माझ्या नावापुढे: चूल एक, माणूस एक, भाकरी करपलेली.