सोन्याची डबी आणि दोन चुरगळलेले स्क्रू

त्या अमेरिकन घड्याळाची केस आठवली की आजही मला आधी स्वतःचाच राग येतो. चोराचा नंतर.

तेव्हा मी चिंचवडच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकली आणि चाकणजवळच्या गावातले एक सत्तरीचे शेतकरी समोर येऊन बसले. जमिनीचा बराचसा भाग कंपन्यांना गेलेला, उरलेल्यात ऊस. सोबत चाळिशीचा पुतण्या, भोसरीत एका वर्कशॉपचा सुपरवायझर. म्हाताऱ्यांनी धोतराच्या सोग्यातून साखळीचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"आमच्या वडलांचं हाय. देहूरोडच्या डेपोत कामाला व्हते, तितल्या गोऱ्या सायबानं जाताना दिल्यालं. बंद पडलं म्हनून दुरुस्तीला टाकलं. परत आलं त्ये हातात हलकं लागाय लागलं. सराफाला दाखवलं तर म्हनतो, नुस्ता मुलामा हाय. आमची डबी शुद्ध सोन्याची व्हती साहेब."

पुतण्यानं मागचं झाकण उघडून दाखवलं. बाहेरच्या डबीवर एक नंबर, आतल्या मशीनवर दुसराच. "मशीन आमचंच आहे, डबी त्या घड्याळजीनं बदलली. बघा ना, नंबरच जुळत नाहीत," तो म्हणाला.

मला पटलं. विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला, घड्याळाचा पंचनामा करून ते मुद्देमालात घेतलं. त्याच दुपारी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली: त्या घड्याळजीनं परवाच सोनं मोडलंय. झालं. मी जीप काढली आणि ऐन बाजाराच्या वेळी त्यांच्या दुकानापुढे उभी केली. समोरची भाजीवाली वजन करता करता थांबली. घड्याळजी पंचाहत्तरीचे, एका डोळ्याला भिंग लावलेलं. त्यांनी ते काढून पेटीत ठेवलं, दुकानाला कुलूप लावलं आणि जीपमध्ये बसले.

चौकशीत मी त्यांना सोडलं नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. नंबर का जुळत नाहीत, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"साहेब, ते जुळतच नसतात. अमेरिकेत मशीन एका कारखान्यात व्हायचं, सोन्याची डबी दुसऱ्यात. गिऱ्हाईक पेढीवर जाऊन आधी मशीन निवडायचं, मग ऐपतीप्रमाणे डबी. तिथल्या लोकांनी मशीनची मापंच ठरवून टाकली होती. एका मापाचं मशीन त्या मापाच्या कुठल्याही डबीत बसतं. इंग्लंडातले कारागीर एकेक घड्याळ हातानं घडवायचे, यांनी यंत्रावर हजारांनी पाडली. आणि तुमच्या पंचनाम्यातच लिहिलंय, या डबीत वीस वर्षांच्या हमीचा शिक्का आहे. हमी मुलाम्याची देतात, शुद्ध सोन्याची कशाला देतील? माझ्याकडे आली ती डबी सोन्याचीच होती, तेव्हा बदललीय हे खरं. मी बदलली नाही, एवढंच सांगतो."

मला वाटलं, म्हातारा गोष्टी सांगून वेळ काढतोय. तेवढ्यात आमचे हवालदार, निम्मी नोकरी चोरीच्या गाड्यांत गेलेले, दारातून म्हणाले, "साहेब, गाडीचा तरी चासी नंबर आणि इंजिन नंबर एक असतो का?"

 रोज चार गाड्या तपासणाऱ्या माणसाला हे सुचू नये? अक्कल गहाण टाकल्यासारखा मी त्या एका पुराव्यावर बसलो होतो. आता कपाटातून घड्याळ काढलं, पंचांसमोर सील उघडलं आणि ते घड्याळजींपुढे सरकवलं. "काका, तुम्हीच बघा. तुमचं काम आणि दुसऱ्याचं काम वेगळं ओळखता येईल?"

त्यांनी भिंग मागवलं. मशीन डबीला धरून ठेवणारे दोन बारीक स्क्रू असतात, ते त्यांनी मला दाखवले. दोन्हींच्या खाचा चुरगळल्या होत्या, कडा उडाल्या होत्या. "हा जाड पेचकसाचा हात आहे. मोठे स्क्रू पिळायची सवय असलेला माणूस. मी असं केलं असतं तर माझ्या वस्तादांनी हात मोडला असता."

घड्याळ दुकानातून कुणी आणलं होतं? पुतण्यानं. मोठे स्क्रू कोण पिळतं? मग मी मागे लागलो. निनावी खबरीचा सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, मागवला, तर तो फोन पुतण्याच्याच वर्कशॉपमधल्या एका कामगाराचा निघाला. सुपरवायझरनं दोन मिनिटांसाठी मागून घेतला होता, असा त्यानं जबाब दिला. वर्कशॉपच्या गेटवर वॉचमनचं रजिस्टर असतं. बोल्टची पेटी येवो नाहीतर कुणाचा डबा, नोंद होतेच. त्यात सुपरवायझरच्या नावानं कोलकात्याहून आलेलं पार्सल होतं, मजकूर 'जुने घड्याळ'. स्वतःच्याच गेटवर स्वतःच लावलेल्या शिस्तीत पठ्ठ्या अडकला.

समोर रजिस्टर ठेवल्यावर तो फार टिकला नाही. पार्सलातल्या घड्याळाची मुलाम्याची डबी त्यानंच काकांच्या मशीनला चढवली होती. खरी डबी त्याच्या हत्यारांच्या खणात फडक्यात गुंडाळलेली मिळाली. "विकायची नव्हती साहेब," तो खाली बघत म्हणाला. "काका ते घड्याळ लेकीला देणार होते. आजोबांची वस्तू दुसऱ्याच्या घरात जाणार. मला बघवलं नाही." मला त्याची थोडी कीवही आली. पण त्यासाठी त्यानं घड्याळजींच्या पन्नास वर्षांच्या अब्रूवर घाला घातला होता, आणि तो घालायला हात माझा वापरला होता.

कोर्टाच्या आदेशानं घड्याळ आणि डबी मूळ मालकाला परत मिळाली. ते म्हातारे मला म्हणाले, "साहेब, त्यांच्याकडं जायाचंय. तोंड न्हाई दाखवायला. तुमी संगं चला." मी गेलो. दुकान उघडं होतं, पण कपाटाचे खण रिकामे. मी जीप उभी केली त्या आठवड्यात लोक आपापली घड्याळं दुरुस्त न झालेलीच परत घेऊन गेले होते.

"चुकलं आमचं," म्हातारे म्हणाले. मीही तेच म्हणालो. घड्याळजींनी मान हलवली, मशीन खऱ्या डबीत बसवलं, दोन नवे स्क्रू घातले, किल्ली दिली. मजुरी घेतली नाही.

त्या दिवसानंतर निवृत्तीपर्यंत मी एक नियम पाळला: पुरावा हातात नसेल तर चौकशीला जाताना जीप नाही, वर्दी नाही. चोर सापडतो, मुद्देमाल सापडतो, पण बाजारात गेलेलं नाव पंचनाम्यानं परत येत नाही.

त्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा घड्याळजींनी टेबलाच्या खणातून एक कोरं, नवं पावतीपुस्तक काढलं. पन्नास वर्षांत त्यांनी कुणाला पावती दिली नव्हती की कुणाकडून सही घेतली नव्हती. 'घड्याळ सोन्याच्या डबीसह मिळाले' असं लिहून त्यांनी ते आधी म्हाताऱ्यांपुढे धरलं. मग माझ्यापुढे.

"साहेब, साक्षीदार म्हणून तुमचीही सही लागेल."

मी केली.