सुई चालू आहे का?

आप्पांच्या कपाळातून मी शेवटची सुई काढली, कापूस दाबला आणि म्हटलं, "झालं. आता चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही." आप्पा खुर्चीतून उठले ते एका बाजूला झुकून, कमरेखाली हात दाबत.

"कंबर धरली का?"

"न्हाई वो म्याडम. कालची सुई दुखतीया."

"कसली सुई?"

"लघवीला जळजळ व्हती. गावातले डॉक्टर रोज एक देत्यात. चार झाल्या."

मी टेबलावरचा फॉर्म ओढून घेतला. अर्ध्या तासापूर्वी मी विचारलं होतं, "औषध-गोळ्या काही चालू आहेत?" ते "न्हाई" म्हणाले होते. मी फॉर्मवर 'नाही' लिहून त्यांची सही घेतली होती.

आप्पा रांजणगावच्या एका कंपनीत हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसला सुपरवायझर, राहायला कारेगावात. लहानपणी मेंढरांमागं उन्हात डोळे बारीक करून हिंडल्यामुळे दोन भुवयांच्या मधे दोन खोल आठ्या पडलेल्या. "वडील तापट दिसतात" म्हणून मुलीचं एक चांगलं स्थळ गेलं होतं. पंधरा दिवसांनी दुसरे पाहुणे यायचे होते. म्हणून ते शिरूरला माझ्या स्किन क्लिनिकमध्ये बोटॉक्स घ्यायला आले होते.

मी लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"अँटिबायोटिक कोणतं देताय?"

"जेंटामायसिन. का हो?"

नेमकं तेच. बोटॉक्स म्हणजे नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवायचं औषध. निरोप थांबला की स्नायू सैल पडतो, आठी जाते. जेंटामायसिनही तोच निरोप थोडा अडवतं. दोन्ही एकत्र आली की सैलपणा वाढू शकतो. पापणी पडते. क्वचित गिळायला, श्वासालाही त्रास होतो. डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी इंजेक्शन तिथंच थांबवलं आणि दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

पण टोचलेलं बोटॉक्स परत ओढून काढता येत नाही. परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. तोवर वाट बघायची, आणि ते मला जन्मात कधी जमलेलं नाही. मोटारसायकल चालवायची नाही, घास अडकला किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठायचं, असं आप्पांना तीनदा बजावलं. रोज सकाळी ओपीडीच्या आधी मी त्यांच्या शेजारच्या एसटीडी बूथवर फोन करायचे.

"पाण्याचा घोट नीट उतरतो का? एकाचे दोन दिसतात का?"

"दोन भाकरी खाल्ल्या म्याडम. दोनाच्या चार न्हाई दिसल्या."

ते हसायचे. मी फोन ठेवून पुन्हा तोच फॉर्म काढून बघत बसायचे. समोरचा पेशंट काय सांगतोय, ते डोक्यात शिरायचं नाही.

सहाव्या दिवशी आप्पाच म्हणाले, "डावी पापणी उघडंना." दुपारी मी कारेगावला गेले. डोळा अर्धा झाकलेला. गिळणं ठीक, श्वास ठीक. मी डोळ्यात घालायचे थेंब दिले. त्यांनी पापणी दोन तास जरा वर राहायची, मग पुन्हा खाली. पूर्ण उघडायला महिना-दीड महिना लागणार होता.

पाहुणे ठरल्या दिवशीच आले. अर्धा मिटलेला डोळा बघून मुलाच्या आईचा भलताच समज होईल, या धास्तीनं आप्पा घरात काळा गॉगल लावून बसले. चार दिवसांनी निरोप आला. वडील नजरेला नजर देत नाहीत, त्यामुळे नको.

मला फार वाईट वाटलं. पुन्हा कारेगावला जाऊन म्हटलं, "चूक माझी आहे आप्पा. मी नीट विचारायला हवं होतं."

"तुम्ही इचारलं औषध-गोळ्या. औषध बाटलीतलं, गोळी पाकिटातली. सुई ती सुई. तुम्हीबी खरं इचारलं, मीबी खरं सांगितलं," आप्पा म्हणाले. आत चहा टाकणाऱ्या त्यांच्या मुलीनं कप जरा जोरातच ठेवले.

चार-पाच महिन्यांनी आठ्या होत्या तशा परत आल्या. पुढं त्या आठ्यांसकटच मुलीचं जमलं. लग्नाच्या मांडवात, बोलणी केलेला नवऱ्या मुलाचा मामा मला कौतुकानं म्हणाला, "बाप कडक हाय, म्हंजी पोरगी वळणातली."

मी मात्र आप्पांनी औषध, गोळी आणि सुई वेगळी सांगितली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवे फॉर्म छापायला टाकले होते. पहिला प्रश्न, शेवटची सुई कधी घेतली? आणि तोंडी उत्तरावर माझा भरवसा नाही. पेशंट खुर्चीत कसा बसतो, ते मी आधी बघते.